वरचे दात आणि मामाचा जीव

आमच्या घरात गेल्या चैत्रात एक ऐतिहासिक घटना घडली. मी तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला असल्यामुळे ‘ऐतिहासिक’ हा शब्द जरा जपून वापरतो. पानिपत, प्लासी आणि आमच्या मुख्याध्यापकांची बदली, एवढ्यापुरताच तो राखून ठेवलेला होता. तरीही म्हणतो, घटना ऐतिहासिक होती. माहेरपणाला आलेल्या आमच्या लेकीच्या लेकीला, वय महिने आठ, दात आले. आणि ते वर आले!

यातलं गांभीर्य ज्यांना कळलं नाही, त्यांनी मुलं वाढवलेली नाहीत. किंवा वाढवली असतील तर ती बायकोनं. माझीही तीच गत. दात खालच्या हिरडीला आधी यायचे असतात आणि वरचे आधी आले तर ते मामाला जड जातात, हे मला शेजारच्या काकूंकडून कळलं. बाळाच्या तोंडात डोकावून त्या म्हणाल्या, “अगं बाई! वरचे? मामाला कळवलंत का?” जणू मामाला ताबडतोब तार करून सुरक्षित ठिकाणी हलवायचं होतं.

मामा म्हणजे आमचे चिरंजीव. ते बंगलोरला संगणकाच्या कंपनीत असतात आणि त्यांचा कशावरही विश्वास नसतो. फोनवर ते खूप हसले. दुसऱ्या दिवशी त्यांचाच फोन आला, “बाबा, खाली काही दिसतंय का हो?” तिसऱ्या दिवशी म्हणाले, “तसं काही नाही, पण आज स्कूटर घसरता घसरता वाचली.” चौथ्या दिवशी त्यांनी काकूंचा नंबर मागून घेतला. काकूंनी उपाय सांगितला: मामानं भाचीला चांदीची वाटी द्यायची. आमच्याकडचे सगळे दोष शेवटी सोनाराच्या दुकानातच का फिटतात, हा एका स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे.

मास्तरकी सुटली तरी मूळ साधनं धुंडाळायची खोड सुटत नाही. म्हटलं, बघू या हे मामाचं प्रकरण किती जुनं आहे. तर वाचकहो, अथर्ववेदाच्या सहाव्या कांडात या दोन वरच्या दातांवर चक्क एक सूक्त आहे! तिथं त्यांना दोन वाघ म्हटलंय. हे वाघ आईबापांना खायला निघालेत, तेव्हा त्यांची समजूत घातली आहे, की बाबांनो, तांदूळ खा, जव खा, उडीद खा, तीळ खा, पण आईबापांना सोडा. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. तिथं मामाचा उल्लेखही नाही. मधल्या काळात आईबापांनी ते संकट हळूच मामाच्या अंगावर ढकललं असावं. मी हा शोध चिरंजीवांना कळवला. त्यांना त्यातून फारसा दिलासा मिळाला नाही.

इकडे वाघांचा धुमाकूळ चालूच होता. खालची हिरडीही सुजली होती. लाळेनं दिवसाला सहा लाळेरी भिजत. हाताला लागेल ते तोंडात जाई: माझ्या चष्म्याचं घर, पेन्शनचं पासबुक, आजीच्या पदराचं टोक. माझ्या कवळीवर तर तिचा विशेष डोळा होता. घरात एकीला दात येत होते आणि एकाचे जाऊन पंधरा वर्षं झाली होती. पण गरज दोघांची एकच, मऊ भात. अष्टांगहृदयात वाग्भटानं म्हटलंय, की मोराला तुरा फुटताना आणि बाळाला दात फुटताना अंगाचा कुठला भाग दुखायचा राहत नाही. शिवाय दात येणं हे सगळ्या रोगांचं घर आहे, असंही तो सांगतो. आणि मग एक फार शहाणं वाक्य लिहितो: या दुखण्यांत बाळाला फार उपचारांनी जखडू नका, दात आले की ती आपोआप शमतात.

हे दुसरं वाक्य जगानं ऐकलं असतं, तर पुढचा इतिहास घडलाच नसता. पण जगानं पहिलं तेवढं उचललं.

ग्रीकांच्या हिपॉक्रेटसच्या नावावर दातांवरचं एक छोटं पुस्तक आहे. त्यातही दात, ताप, झटके, जुलाब यांची मोळी एकत्र बांधलेली. सोळाव्या शतकात फ्रान्सच्या राजांचा शल्यवैद्य आम्ब्रोआज पारे यानं आठ महिन्यांच्या एका मृत बाळाची हिरडी कापून पाहिली. आत दात तयार होते. झालं! त्यानं निष्कर्ष काढला, की हिरडी आधीच कापली असती तर बाळ वाचलं असतं. आता आठ महिन्यांच्या कुठल्याही बाळाच्या हिरडीत दात तयारच असतात, ते तर आईच्या पोटातच घडायला लागलेले असतात. पण पारेचा शब्द म्हणजे ब्रह्मवाक्य. पुढं तीनशे वर्षं युरोपातले डॉक्टर खिशात छोटी सुरी ठेवून बाळांच्या हिरड्या कापत फिरले. मार्शल हॉल नावाचा एकोणिसाव्या शतकातला नामांकित इंग्रज डॉक्टर तर म्हणे, की गरज नसताना १९९ वेळा कापीन, पण गरज असताना एकदाही चुकणार नाही. गिऱ्हाईक बोलू शकत नाही म्हटल्यावर धंदा कसा निर्वेध चालतो, पाहा!

आणि मृत्यूच्या नोंदी? १६६२ साली जॉन ग्राँटनं लंडनच्या मृत्यूंचा हिशेब मांडला. त्यात ‘दात आणि जंत’ हे एक रीतसर खातं आहे. १८३९ साली इंग्लंड आणि वेल्समध्ये ५,०१६ मृत्यू दातांच्या नावे मांडले गेले. एवढ्या लहान आरोपीवर एवढे खून आजवर कुणीच लादले नसतील.

तोवर औषधवालेही मैदानात उतरले होते. १८४९ पासून अमेरिकेत ‘मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप’ विकायला आलं. दात येणारं बाळ चमचाभर पाजलं की गप्प. का गप्प? तर त्यात मॉर्फिन होतं. एल्गारसारख्या संगीतकारानं तरुणपणी, १८७८ साली, आपल्या एका छोट्या रचनेला या सिरपचं नाव दिलं, इतकं ते घरोघरी होतं. काही बाळं मात्र गप्प झाली ती कायमचीच. १९११ साली अमेरिकन डॉक्टरांच्या संघटनेनं त्याला ‘बाळांचे मारेकरी’ या यादीत घातलं. आपण हसायचं कारण नाही. आपल्या मुंबईच्या गिरणगावात आया पाळीवर जाताना बाळांना अफूची बाळगोळी देऊन निजवत असत. कुणी पाळणाघर दिलं नव्हतं. गोळी मात्र मिळत होती.

विलायतेत दातांसाठी पुड्याही मिळत. त्यांत पारा असे. पुड्या घेणाऱ्या काही बाळांचे हातपाय गुलाबी होऊन सोलून निघत, ती दिवसरात्र किरकिरत आणि, दैवाचा विनोद पाहा, त्यांचे दातच पडत! १९४८ साली सिनसिनाटीच्या वॉर्कनी आणि हबर्ड या डॉक्टरांनी पाऱ्याकडं बोट दाखवलं. १९५४ साली ब्रिटनमध्ये पुड्यांतला पारा गेला आणि रोगही गेला.

हे सगळं मी जेवणाच्या टेबलावर मोठ्या रसाळपणे सांगत होतो. सौ. शांतपणे एका वाटीत काहीतरी कालवत होती.

“हे काय?”

“टाकणखाराची लाही आणि मध. हिरड्यांना चोळायला. आपल्या दोन्ही मुलांना हेच लावलंय, त्यांना काय झालंय?”

एकाला वाटीची धास्ती लागली आहे, हे मी बोललो नाही. एवढंच सांगितलं, की १९८३ साली ब्रिटिश डॉक्टरांनी सात बाळांची हकिगत छापली. मध-टाकणखार लावलेली चोखणी चोखून त्या सगळ्यांना झटके आले होते. शिवाय वर्षाच्या आतल्या बाळाला नुसता मधही देऊ नये. वाटी मोरीत गेली. पण त्या रात्री मला भाजीत मीठ जरा जास्तच लागलं.

दोन दिवसांनी नातीला जुलाब सुरू झाले. काकू म्हणाल्या, “दातांचे आहेत, थांबतील आपोआप.” सौ. म्हणाली, “दातांचेच आहेत.” लेकीनं माझ्याकडं पाहिलं. आणि मी, जो आयुष्यात कधी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याआत मत दिलं नाही, तो एकदम ओरडलो, “गाडी काढा! डॉक्टरकडं जायचंय!”

कारण आमच्या घरात हे वाक्य पूर्वी एकदा बोललं गेलं होतं.

मला एक थोरली बहीण होती. मी तिला पाहिलेलं नाही. १९४७ च्या उन्हाळ्यात, नऊ महिन्यांची असताना, ती गेली. घरात तिचा विषय निघाला की एवढंच म्हणत, “ती दातांत गेली.” लहानपणी मला वाटे, दातांत जायचं म्हणजे कुठंतरी लांब गावाला. पुढं केव्हातरी आईनं सांगितलं, की तिला तीन दिवस जुलाब होत होते. मोठ्या बायका म्हणाल्या, दातांचे आहेत, पाणी देऊ नका, पाण्यानं वाढतात. आईनं दिलं नाही. ती वीस वर्षांची होती, सासरी नवी होती. “भांड्याकडं बघायची रे सारखी,” एवढं बोलून आई उठून आत गेली. पुन्हा तिनं हा विषय काढला नाही आणि मीही विचारलं नाही. तिच्या ट्रंकेत तळाला चांदीची एक छोटी वाटी मात्र शेवटपर्यंत होती.

आई गेली त्यालाही आता पुष्कळ वर्षं झाली. ती असती तर तिला सांगितलं असतं, की दातांचा काही दोष नव्हता आणि तुझाही नव्हता. सहाव्या महिन्याच्या सुमाराला आईकडून मिळालेली रोगांविरुद्धची शिदोरी संपत येते, वरचं खाणं सुरू होतं, मूल रांगून जमिनीवरचं सगळं तोंडात घालतं. नेमके तेव्हाच दात येतात. दात आणि दुखणी एकाच गाडीनं येतात, पण त्यांचं तिकीट एक नसतं. २००० साली अमेरिकेतल्या क्लीव्हलँडला डॉक्टरांनी १२५ बाळांच्या ४७५ दातांची रोजनिशी आईबापांकडून लिहवून घेतली. लाळ, चावणं, किरकिर, अंग किंचित कोमट, एवढंच दातांच्या नावावर लागलं; मोठा ताप लागला नाही. आणि १९७१ साली बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी पटकीच्या रोग्यांना साखर-मिठाचं पाणी पाजलं, तेव्हा शेकडा ३० च्या घरातले मृत्यू शेकडा ४ च्या खाली आले. जे पाणी आमच्या आईला बंद करायला लावलं, तेच औषध होतं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी नातीला तपासलं, सलाइनची पुडी उकळून गार केलेल्या पाण्यात कालवून चमच्याचमच्यानं पाजायला सांगितली, अंगावरचं दूध चालू ठेवा म्हणाल्या. मी विचारलं, “दातांमुळं झालं का हो हे?” त्या हसून म्हणाल्या, “आजोबा, तुमचं पासबुक चाटल्यामुळं झालं असेल.”

हिरड्यांसाठी त्यांनी स्वच्छ धुतलेलं बोट किंवा ओलं, गार फडकं सांगितलं. मलम नको, पूड नको. पहिल्या दातापासून मऊ ब्रशनं दोन वेळा दात घासायचे, फ्लोराइडची पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी. दुधाची बाटली तोंडात ठेवून निजवायचं नाही, दात किडतात. आणि पहिला वाढदिवस व्हायच्या आत एकदा दंतवैद्याकडं. “दुधाचे दात, पडायचेच आहेत,” असं मी म्हणालो तर त्यांनी माझ्या कवळीकडं असं काही पाहिलं, की मी पुढं बोललो नाही.

नात चार दिवसांत पूर्ववत झाली. अक्षय्यतृतीयेला मामा बंगलोरहून आले. “श्रद्धा वगैरे नाही हं,” म्हणत त्यांनी बॅगेतून चांदीची वाटी काढली. पण मी तोवर आईच्या ट्रंकेतली वाटी काढून चिंचेनं लखलखीत केली होती आणि नात त्यातच पाणी पीत होती. दोन्ही हातांनी वाटी धरून, सगळं अंगावर सांडत, भरपूर पीत होती. कुणी तिला ‘पुरे’ म्हटलं नाही.

मग मामांनी भाचीला उचललं आणि “बघू बघू, ते वाघ कुठायत?” म्हणून बोट तिच्या तोंडात घातलं. पुढची किंकाळी पार काकूंच्या घरापर्यंत गेली. काकू पदर खोचून धावत आल्या, मामाच्या बोटावरचे दोन ठसठशीत व्रण त्यांनी पाहिले आणि अत्यंत समाधानानं म्हणाल्या,

“तरी मी म्हटलं होतं, मामाला जड!”