काळ्या ड्रमवरची पितळी नक्षी : शंभर वर्षं जुन्या स्नेअर ड्रमवर लोक इतका जीव का टाकतात?

वरातीत बँडवाल्याच्या गळ्यात अडकवलेला, दोन काड्यांनी तडतडणारा साइड ड्रम तुम्ही पाहिला असेलच. त्याचाच भाऊ म्हणजे ड्रमसेटमधला स्नेअर ड्रम. ड्रमर तो आपल्या दोन गुडघ्यांच्या मधे ठेवतो. गाण्यात जो खणखणीत ‘ठाक्’ ऐकू येतो, तो याचाच.

आता दिसायला साध्या या वाद्याचे काही जुने नग असे आहेत, की ते बाजारात आले की जगभरातले संग्राहक कामधंदा सोडून मागे लागतात. काळा चकचकीत ड्रम आणि त्यावर सोनेरी पानाफुलांची नक्षी. विशेष म्हणजे ही नक्षी रंगवलेली नाही, हातानं कोरलेली आहे.

हे ड्रम बनले कुठे, कोरले कसे आणि आज इतके कमी का उरलेत, तेच बघू.

आधी स्नेअर ड्रम म्हणजे काय?

एक गोल, बुटका डबा. त्याला म्हणतात शेल. वर आणि खाली ताणलेलं कातडं. खालच्या कातड्याला घासून बसवलेल्या तारा, म्हणजे स्नेअर. वर काठी पडली की आतली हवा दाबली जाते, खालचं कातडं हलतं आणि त्यावर तारा थडथडतात. त्यातून तो तडतडीत आवाज येतो. तारा सैल केल्या की हाच ड्रम साध्या ढोलकासारखा घुमतो.

शेल लाकडाचं असतं किंवा धातूचं. पितळी शेलचा आवाज मोठा, तरी कानाला गोड लागतो. म्हणून ड्रमर मंडळींमध्ये पितळेला खास मान आहे.

शिकागोचे लुडविग बंधू

विल्यम आणि थिओबाल्ड लुडविग या दोन भावांनी १९०९ मध्ये अमेरिकेतल्या शिकागोत कंपनी काढली. पहिलं गाजलेलं उत्पादन होतं बास ड्रमचं पेडल. पायानं मोठा ड्रम वाजवता आला की हात मोकळे राहतात. त्यामुळं दोन-तीन माणसांचं काम एकटा माणूस करू लागला.

१९२० च्या दशकात जाझ जोरात होतं आणि नाचघरं भरलेली असायची. थिएटरात मूकपट चालायचे आणि पडद्यापुढे बसलेला ड्रमर घोड्याच्या टापांपासून विजेच्या कडकडाटापर्यंत सगळे आवाज काढायचा. ड्रमर लोकांच्या नजरेसमोर बसत असल्यानं ड्रमही देखणा हवा होता. याच काळात लुडविगनं पितळी शेलवर काळ्या निकेलचा मुलामा देऊन त्यावर नक्षी कोरलेला ड्रम आणला. तेव्हा त्याचं नाव होतं ‘डीलक्स’. ‘ब्लॅक ब्यूटी’ हे आज सर्वांच्या तोंडी असलेलं नाव नंतर रूढ झालं.

लुडविग एकटे नव्हते. इंडियानापोलिसच्या लीडी कंपनीचा ‘ब्लॅक एलिट’ होता, शिकागोच्याच स्लिंगरलँडचेही कोरीव ड्रम होते. आज संग्राहक या तिन्ही कंपन्यांचे ड्रम शोधतात.

नक्षी कोरायचे कशी?

आपल्याकडं भांड्यांवर नाव घालतात, ते आठवा. टोकदार हत्यार, खाली ताट आणि बघता बघता आजीचं नाव उमटतं. इथंही तत्त्व तेच, पण काम बरंच नाजूक.

आधी पितळी शेलवर काळा मुलामा चढवायचा. मग कारागीर कोरणी हातात घेऊन ती डावी-उजवीकडं डोलवत पुढं सरकवायचा. कोरणी जिथून जाईल तिथला काळा थर निघतो आणि खालचं पितळ उघडं पडतं. म्हणजे सोनेरी दिसतो तो रंग नाही, ड्रमचं मूळ पितळच आहे. भिंगातून पाहिलं तर ती रेघ सरळ दिसत नाही, बारीक नागमोडी दिसते. प्रकाश पडला की ती लुकलुकते ती यामुळंच.

यात खोडरबर नाही. हात घसरला की चूक कायमची. हाती कोरल्यामुळं एकाच नमुन्याचे दोन ड्रमही तंतोतंत सारखे नसतात. आणि आपल्या भांड्यांवर निदान मालकाचं नाव असतं. या ड्रमवर कंपनीचं नाव असे, कोरणाऱ्याचं नसे.

मग हे ड्रम कमी का उरले?

१९२७ मध्ये ‘द जाझ सिंगर’ आला आणि बोलपटांचं युग सुरू झालं. पडद्यातूनच आवाज येऊ लागल्यावर थिएटरातल्या वादकांची गरज संपली. (आपल्याकडंही मूकपटांसमोर पेटी-तबला वाजवणारे असत. १९३१ च्या ‘आलम आरा’नंतर त्यांचंही तेच झालं.) पाठोपाठ १९२९ ची महामंदी आली. बेकार ड्रमर महागडा कोरीव ड्रम घेणार कुठून?

त्याच सुमारास लीडी आणि लुडविग या दोन्ही कंपन्या कॉन कंपनीनं विकत घेतल्या. विल्यम लुडविग बाहेर पडले आणि १९३७ मध्ये त्यांनी नवी कंपनी काढली, पण स्वतःचं आडनाव वापरायचा हक्क त्यांच्याकडं उरला नव्हता. म्हणून नाव ठेवलं डब्ल्यूएफएल. ‘लुडविग’ हे नाव परत विकत घ्यायला १९५५ साल उजाडलं. कोरीव काळे ड्रम मात्र मधल्या काळात मागे पडले. ब्लॅक ब्यूटी पुन्हा आला तो १९७० च्या दशकात.

जाणकार काय तपासतात?

भाव चढला की नकलाही येतात. साध्या जुन्या ड्रमवर नवा काळा मुलामा चढवून त्यावर आज नक्षी कोरता येते. म्हणून या गोष्टी पाहतात :

• नक्षीच्या खाचा : अस्सल ड्रममध्ये मुलामा आधी, कोरीव काम नंतर. खाचेत पितळाऐवजी मुलामाच दिसला तर ड्रमवर नंतर नवा थर चढवलाय.

• झीज : शंभर वर्षांत हात लागतो तिथं काळा थर विरळ होतो. ड्रम जुना आणि नक्षी कोरी करकरीत असेल, तर शंका घ्या.

• भोकं : शेलला जादा भोकं असतील तर सुटे भाग बदललेत.

• सुटे भाग : कातडं ताणणाऱ्या खिट्ट्यांना लग म्हणतात. नळीच्या आकाराचे लग ही १९२० च्या दशकाची खूण. लुडविगची सिरीयल नंबरची पद्धत १९६० च्या दशकातली, त्यामुळं त्याआधीच्या ड्रमचं वय अशा भागांवरूनच ठरवतात.

• शेलचा सांधा : जुनी शेल दोन तुकडे मधोमध जोडून केलेली. नंतरच्या ब्लॅक ब्यूटीचं शेल अखंड, बिनसांध्याचं.

नवी नक्षी म्हणजे फसवणूकच, असं मात्र नाही. जॉन अल्ड्रिज या अमेरिकी कारागिरानं लुडविगसाठीच नवे ड्रम हातानं कोरले. नवं काम नवं म्हणून विकलं तर ती कला असते, जुनं म्हणून खपवलं तर लबाडी.

पितांबरी लावू नका!

आपल्याला पितळ दिसलं की घासायची सवय. इथं तीच घात करते. काळा मुलामा अगदी पातळ असतो. पावडर किंवा पॉलिश लावून घासलं की तो निघून जातो आणि नक्षीच नाहीशी होते, कारण काळ्याशिवाय सोनेरी दिसणार कसं? मऊ कोरड्या फडक्यानं धूळ पुसायची, दमट जागी ठेवायचा नाही आणि वाजवून झाल्यावर हाताचा घाम पुसायचा. बस्स. मुंबई-गोव्यासारख्या खाऱ्या हवेत तर जास्तच जपावं लागतं.

वाजवायचा की नुसता बघायचा?

संग्राहकांमध्ये यावर कायम वाद असतो. खरं सांगायचं तर नक्षीनं आवाजात फरक पडत नाही. आवाज येतो तो पितळ, कातडं आणि वाजवणाऱ्याच्या हातातून. रोलिंग स्टोन्सचे ड्रमर चार्ली वॉट्स स्वतः जुन्या जाझ ड्रमरांची वाद्यं जमवायचे, यावरून या वेडाचा अंदाज यावा.

तुम्हाला अस्सल जुना ड्रम परवडला नाही तरी हरकत नाही. लुडविग आजही ब्लॅक ब्यूटी बनवतं, साधाही आणि कोरीवही. आणि कुठल्या जुन्या बँडवाल्याच्या किंवा चर्चच्या अडगळीत काळवंडलेला पितळी ड्रम दिसलाच, तर घासायच्या किंवा भंगारात द्यायच्या आधी एकदा भिंग लावून बघा. बारीक नागमोडी रेघ दिसली, तर जाणकाराला दाखवेपर्यंत हात लावू नका.