उपग्रह दूरचित्रवाणी ग्राही, घरगुती

भूस्थिर उपग्रहाकडून येणारे दूरचित्रवाणी संकेत घराच्या गच्चीवर किंवा सज्जात बसविलेल्या साधनाने थेट ग्रहण करून संचावर दाखविणारी साधनसामग्री. तिचे तीन प्रमुख भाग असतात : व्यवहारात ‘डिश’ म्हटली जाणारी अन्वस्ताकार तबकडी, तिच्या केंद्राशी बसविलेला व ‘एलएनबी’ या संक्षेपाने ओळखला जाणारा परिवर्तक, आणि घरातील ग्राही-पेटी. परिवर्तक दुर्बल संकेतांचे विवर्धन करतो व केबलीतून नेता येईल इतकी त्यांची कंप्रता कमी करतो. आकाराने तो लहान असला, तरी या साधनाच्या प्रगतीत त्याचा वाटा मोठा आहे. उपग्रहांची प्रेषणशक्ती वाढली आणि परिवर्तकातील विद्युत् गोंगाट घटला, तसतशी तबकडी लहान होत गेली. त्याबरोबरच ग्रहणाचे साधन गावाच्या मालकीतून केबलचालकाकडे व तेथून कुटुंबाकडे आले.

सामूहिक ग्रहण : विषुववृत्तावर सु. ३५,७८६ किमी. उंचीवरील उपग्रह पृथ्वीवरून स्थिर भासेल व प्रक्षेपणास उपयोगी पडेल, ही कल्पना आर्थर सी. क्लार्क यांनी १९४५ मध्ये मांडली. भारतात ती ‘साइट’ या प्रयोगाने खेड्यांपर्यंत पोहोचली. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सु. २,४०० खेड्यांत कार्यक्रम दाखविण्यात आले. या राज्यांत महाराष्ट्र नव्हता. प्रक्षेपणाची कंप्रता ८६० मेगॅहर्ट्‌झ, म्हणजे तरंगलांबी सु. ३५ सेंमी. होती. जाळीची छिद्रे तरंगलांबीच्या मानाने पुष्कळ लहान असल्यास तरंग तिच्यातून पार न जाता परावर्तित होतात. म्हणून कोंबड्यांच्या खुराड्यास लावतात तशा जाळीची सु. ३ मी. व्यासाची स्वस्त तबकडी तेथे पुरेशी ठरली. संच सार्वजनिक जागी असे व सर्व गाव तो एकत्र पाही. ३० ऑगस्ट १९८३ रोजी सोडलेल्या इन्सॅट-१बी या उपग्रहामुळे अशा सामूहिक ग्रहणाची सोय महाराष्ट्रातील काही खेड्यांनाही मिळाली.

केबलचालकाची तबकडी : घरगुती ग्रहणाचा आरंभ अमेरिकेत झाला. स्टॅनफर्ड विद्यापीठातील प्राध्यापक एच. टेलर हॉवर्ड यांनी १९७६ मध्ये स्वतः बनविलेल्या साधनाने उपग्रहावरील कार्यक्रम घरी पाहिले. भारतात १९९१ च्या आखाती युद्धाच्या बातम्यांमुळे परदेशी वाहिन्यांविषयी कुतूहल वाढले. एशियासॅट-१ या उपग्रहावरून त्याच वर्षी स्टार टीव्हीचे व २ ऑक्टोबर १९९२ पासून झी टीव्हीचे कार्यक्रम सुरू झाले. हे प्रक्षेपण सु. ४ गिगॅहर्ट्‌झ कंप्रतेच्या सी-पट्ट्यात होते. त्यासाठी लागणारी मोठी तबकडी बहुतेक कुटुंबांना परवडणारी नव्हती व सदनिकेत तिला जागाही नव्हती. त्यामुळे एक तबकडी व तिच्यापासून घरोघर नेलेल्या तारा ही पद्धत शहरांत रूढ झाली. औरंगाबादेच्या (आताचे छत्रपती संभाजीनगर) अक्षांश-रेखांशांवरून पाहता एशियासॅट-१ साठी तबकडी उत्तरेपासून सु. १२०° दिशेस व क्षितिजापासून सु. ४९° उंच रोखावी लागे. मात्र ती कोणत्या उपग्रहाकडे रोखावयाची हे केबलचालक ठरवी. या व्यवसायाचे नियमन करणारा कायदा १९९५ मध्ये झाला.

घराची तबकडी : अर्धसंवाहक तंत्रातील प्रगतीने हे चित्र पालटले. जपानमधील फूजित्सू कंपनीच्या ताकाशी मिमुरा यांनी १९८० च्या सुमारास अत्यल्प गोंगाटाचा एक नवा ट्रँझिस्टर सिद्ध केला. पुढे तो उपग्रह ग्राहींच्या परिवर्तकांत वापरात आला. त्याच्या जोडीला सु. १० ते १२ गिगॅहर्ट्‌झच्या केयू-पट्ट्यातील शक्तिमान उपग्रह आल्याने सु. ६० सेंमी. व्यासाची तबकडी पुरेशी झाली. या पट्ट्यात तरंगलांबी केवळ सु. २·५ सेंमी. असल्याने जाळीऐवजी अखंड पत्रा वापरतात.

भारतात अशा थेट सेवेस १९९७ मध्ये मनाई करण्यात आली. नोव्हेंबर २००० मध्ये तिला परवानगी देण्याचा निर्णय झाला. डिश टीव्ही ही सेवा २ ऑक्टोबर २००३ रोजी आणि दूरदर्शनची मासिक शुल्क नसलेली सेवा १६ डिसेंबर २००४ रोजी सुरू झाली. व्हिडिओकॉन उद्योगसमूहामुळे दूरचित्रवाणी संचांच्या निर्मितीचे केंद्र झालेल्या औरंगाबाद परिसराचा या क्षेत्राशी निकटचा संबंध आला. त्या समूहाची व्हिडिओकॉन डी२एच ही सेवा २००९ मध्ये सुरू झाली व २०१८ मध्ये ती डिश टीव्हीत विलीन झाली.

निवड व उभारणी : परिवर्तक निवडताना प्रथम त्याचा पट्टा पहावा, सी-पट्ट्याचा परिवर्तक केयू-पट्ट्यास चालत नाही. दुसरी बाब स्थानिक आंदोलकाची कंप्रता. ती सी-पट्ट्यात सामान्यतः ५,१५० मेगॅहर्ट्‌झ, तर केयू-पट्ट्याच्या सार्वत्रिक परिवर्तकात ९,७५० व १०,६०० मेगॅहर्ट्‌झ असते. ग्राही-पेटीत हाच आकडा न भरल्यास तबकडी अचूक रोखलेली असूनही वाहिन्या सापडत नाहीत. तिसरी बाब गोंगाट. तो सी-पट्ट्यात केल्व्हिनमध्ये व केयू-पट्ट्यात डेसिबेलमध्ये देतात. आकडा जितका लहान तितका परिवर्तक चांगला.

दूरदर्शनच्या विनाशुल्क सेवेचा जीसॅट-१५ हा उपग्रह ९३·५° पूर्व रेखांशावर आहे. छत्रपती संभाजीनगर येथून तो उत्तरेपासून सु. १३६°, म्हणजे आग्नेयेस, आणि क्षितिजापासून सु. ५९° उंचीवर येतो. त्या दिशेची भिंत तबकडीपेक्षा ५ मी. उंच असल्यास तबकडी तिच्यापासून ३ मी.हून अधिक दूर बसवावी. होकायंत्र लोखंडी सळ्यांपासून लांब धरून वाचावे. बाजूस केंद्र असलेली प्रचलित तबकडी प्रत्यक्ष रोखापेक्षा अधिक उभी दिसते. तिचा कोन तिच्यावरील मोजपट्टीवरूनच ठरवावा. ६० सेंमी. तबकडीचा ग्रहणकोन जेमतेम ३° असतो व रोख दीड अंशाने चुकला तरी संकेताची शक्ती निम्मी होते. म्हणून खांब प्रथम ओळंब्यात उभा करणे आवश्यक असते. परिवर्तकही आपल्या अक्षाभोवती सु. ४१° फिरवावा लागतो. अन्यथा उभ्या व आडव्या ध्रुवणांचे संकेत एकमेकांत मिसळतात. ग्राही-पेटी केबलीतूनच १३ किंवा १८ व्होल्ट दाब देऊन यांपैकी एक ध्रुवण निवडते. केबलीच्या जोडांत पाणी शिरू नये म्हणून ते झाकून घेतात. मुसळधार पावसात केयू-पट्ट्यातील संकेत क्षीण होतात. थोडी मोठी तबकडी व अचूक रोख यांमुळे चित्र अधिक काळ टिकते.

मूल्यमापन : थेट ग्रहणाने तार न पोहोचलेल्या वस्तीचे व दूरच्या शेतवस्तीचे शहरावरील अवलंबन कमी केले. तथापि सशुल्क सेवांत संकेत सांकेतिक रूपात येतात व शुल्क थांबताच ते बंद होतात, म्हणजे तबकडी घराची असली, तरी किल्ली सेवाचालकाकडे राहते. विनाशुल्क सेवेत मात्र साधनाचा खर्च एकदाच करावा लागतो. दुर्गम व निर्धन प्रेक्षकापर्यंत पोहोचण्याचा १९७५ च्या प्रयोगाचा हेतू या सेवेत टिकून राहिला आहे. गावाने एकत्र बसून पाहण्याची प्रथा मात्र मागे पडली आहे.