रतीब आणि बदल

दुधाचा रतीब लावला की दूधवाल्याला रोज काही सांगावं लागत नाही. घरी पाहुणे येणार असतील, तर ‘उद्या एक लिटर जास्त’ एवढा निरोप पुरतो. एखाद्या धंद्याच्या कामाबरहुकूम सॉफ्टवेअर बेतून देण्याच्या आमच्या व्यवसायाची कुळी शोधत गेलं, की अशाच एका रतीबापाशी पोचायला होतं. तो रतीब होता लंडनच्या पाव-केकचा.

जे. लायन्स ही इंग्लंडची तेव्हाची खाद्यपदार्थांची बडी कंपनी. बेकऱ्या तिच्या, चहाची दुकानंही तिचीच. कपामागे नफा चिमूटभर आणि हिशेब डोंगराएवढा. केंब्रिजला गणित शिकलेले जॉन सिमन्स 1923 मध्ये तिथे रुजू झाले आणि कारकुनी कामाची पद्धतच तपासून सुधारणारा स्वतंत्र विभाग त्यांनी उभा केला. संगणक यायच्या कितीतरी आधी! मला या साऱ्या कथेत हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. यंत्र आलं तेव्हा त्याला कोणतं काम द्यायचं, हे लायन्सला ठाऊक होतं.

1947 मध्ये कंपनीचे दोन अधिकारी अमेरिकेत कार्यालयीन पद्धती पाहायला गेले. प्रिन्स्टनला संगणकतज्ज्ञ हर्मन गोल्डस्टाइन यांनी त्यांना सांगितलं, की एडसॅक नावाचा संगणक तुमच्याच केंब्रिजमध्ये तयार होतोय. लायन्सने त्या एडसॅक प्रकल्पाला 3,000 पौंड दिले, सोबत आपला एक माणूस दिला आणि मग त्याच धर्तीवर स्वतःचा संगणक बांधला. त्याचं नाव लिओ. 1951 च्या नोव्हेंबरअखेर बेकरीच्या मालाचं मूल्यांकन त्यावर नेमाने होऊ लागलं. पुढे पगारपत्रकही आलं. एका कामगाराच्या पगाराच्या आकडेमोडीला कारकुनाला आठ मिनिटं लागत, लिओला दीड सेकंद.

पण आमचे खरे पूर्वज भेटतात ते दुकानांच्या मागणीच्या कामात. पूर्वी दुकानाच्या व्यवस्थापक बाईंना रोज मालाची लांबलचक यादी भरावी लागे. लायन्सच्या डेव्हिड कॅमिनर यांच्या चमूने ती यादी जशीच्या तशी यंत्रावर चढवली नाही. बाईंना दिवसभरात नेमकं काय नव्याने ठरवावं लागतं, हे आधी पाहिलं. ते फार थोडं होतं. मग वाराप्रमाणे प्रत्येक दुकानाचा रतीब ठरवून ठेवला आणि बाईंनी दुपारी फोनवर फक्त बदल कळवायचे असं झालं.

आज ब्राउझरमध्ये ऑर्डरचा फॉर्म उघडतो, नेहमीचे आकडे आधीच भरलेले असतात आणि आपण दोनच चौकटी बदलतो, तेव्हा आपण त्याच दुपारच्या फोनवर असतो. मी स्वतः कोणत्याही कंपनीचं काम घेतलं की पहिले दोन दिवस तिथल्या ऑर्डर घेणाऱ्या माणसाशेजारी खुर्ची टाकून बसतो. स्क्रीनचं रेखाटन त्यानंतर. कॅमिनर तर कागदावरचा प्रत्येक टप्पा दुसऱ्या माणसाकडून तपासून घ्यायचे.

लायन्समध्ये दुपारचा तो फोन पलीकडे घेणारी मुलगी कानाला हेडफोन लावून बसलेली असे. बाई बोलत असतानाच ती बदल थेट कार्डांवर पंच करी. कार्डं लिओत जात, दुकानवार मालाच्या याद्या छापून निघत आणि त्या याद्यांप्रमाणे पाव-केक भरले जात.