कांद्याचे पाणी : मोटेपासून ठिबकापर्यंत

दख्खनच्या बागायतीचा इतिहास लिहिताना धरणे, कालवे आणि ऊस यांच्यासाठीच बहुतेक पाने खर्ची पडतात. कांद्यासारख्या गरीब पिकाचा उल्लेख झालाच तर बाजारभावाच्या निमित्ताने होतो. परंतु ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या भाजीपाल्याचे वाफे राखले गेले, त्या आपल्या समाजाने तरी हे जाणले पाहिजे की, या पिकाची खरी कहाणी पाणी देण्याइतकीच ते तोडण्याची आहे.

नाशिककडे कांद्याचे तीन हंगाम मानतात. पावसाळ्यात लावलेला तो पोळ, त्यामागून येणारा रांगडा आणि मार्गशीर्ष-पौषात लावून चैत्र-वैशाखात काढला जाणारा उन्हाळ. तिन्ही कांदेच, पण गुणांत जमीन-अस्मानाचे अंतर. पोळ कांदा ढगाळ हवेत वाढतो. त्यास करप्याची पीडा फार होते, त्याच्या माना आपोआप पडत नाहीत, आणि जाड मानेचा हा कांदा महिना दोन महिन्यांत सडतो वा कोंबतो. उन्हाळ कांदा थंडीत पात धरतो, वाढत्या उन्हात पोसतो आणि कोरड्या हवेत पिकतो. त्याचे उत्पन्न अधिक येते व चांगल्या चाळीत तो चार-पाच महिने टिकतो. रांगडा या दोहोंच्या मधला. थंडीचा कडाका लांबला की त्यात डेंगळे फार निघतात.

आता पाण्याकडे वळू. कांद्याची मुळे जेमतेम वीतभर खोल जातात, म्हणून त्यास पाणी थोडे पण वेळेवर लागते. हिवाळ्यात आठ-दहा दिवसांनी, ऊन वाढल्यावर त्याहून लवकर. गड्डा पोसत असता ताण पडला तर तो लहान राहतो. ताण देऊन मग एकदम भरपूर पाणी सोडले तर जोडकांदे निघतात. आणि काढणीपूर्वी दोन-तीन आठवडे पाणी तोडलेच पाहिजे. ताज्या कांद्यात शेकडा ८५ हून अधिक भाग पाणीच असते. अखेरपर्यंत पाणी पीत राहिलेला कांदा वजनात भरतो खरा, पण त्यातील घनभाग घटतो, तिखटपणा उतरतो आणि तो टिकत नाही. तिखटपणा म्हणजे केवळ डोळ्यांतील पाणी नव्हे. ज्या गंधकयुक्त द्रव्यांमुळे कांद्यास वास व चव येते, त्यांवरच त्याच्या औषधी गुणांचा मोठा भाग अवलंबून असतो, असे आहारशास्त्र सांगते. तेव्हा वजन की गुण, हा प्रश्न काट्यावर नव्हे, शेवटच्या पाळीच्या दिवशीच सुटतो.

मोटेच्या काळी हा प्रश्न फारसा पडतच नसे. धावेवर बैलजोडी पुढे जाई, मोट थारोळ्यात रिती होई, पाणी पाटाने वाफ्यांत शिरे आणि दारे धरणारा माणूस वाफा भरताच दुसरे दार फोडी. कष्ट अपार होते. त्या जगण्याचे गोडवे गाण्याचे आम्हांस कारण नाही. पण पाणी आपल्या हाती होते, आणि बैल दमले की तेही दुर्मिळ होई.

१८७६-७८ च्या दुष्काळानंतर दख्खनमध्ये कालव्यांच्या कामांस जोर आला. १८८३ साली महात्मा फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये ताली व बंधारे बांधून पावसाचे पाणी जमिनीत मुरवावे असा आग्रह धरला, तो आजही वाचण्यासारखा आहे. गोदावरीवर नांदूर-मधमेश्वर येथे बंधारा होऊन विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात कालवे वाहू लागले. कालव्याचे पाणी मुबलक, पण पाळी ठरवी दुसराच. पिकास हवे तेव्हा ते नसे, नको तेव्हा येई. आणि आलेली पाळी सोडवतही नसे. दख्खनच्या कालव्यांवरील कित्येक जमिनी अशा अतिपाण्याने चोपण झाल्या.

पुढे विजेचे पंप आले. १९४७ साली लासलगावची बाजार समिती स्थापन झाली. खरिपासाठी एन-५३ व रब्बीसाठी एन-२-४-१ या जाती नाशिक भागातच निपजल्या. पीक वाढले, तसा हंगामाच्या सांध्यावर टांगलेला धोकाही वाढला. आश्विन-कार्तिकात चाळीतला उन्हाळ संपत येतो आणि पोळ निघावयाचा असतो. नेमक्या त्याच दिवसांत पाऊस लांबला की शहरांत कांदा महागतो. २०१० च्या डिसेंबरात आणि २०१९ च्या अखेरीस हेच झाले. भाव शंभरीकडे गेल्याची चर्चा सर्वत्र झाली. शेतात कुजलेल्या कांद्याची मात्र फार थोड्यांनी केली.

ठिबक व गादीवाफा यांनी मोटेच्या काळचा हात पुन्हा शेतकऱ्यास दिला आहे. पाणी थोडे लागते, मुळाशी पडते आणि तोटी बंद केली की तुटते. मात्र बहुतेक गावी शेतीपंपांस वीज वर्षानुवर्षे आलटून पालटून रात्रीच मिळत आली. पंप लावून मनुष्य झोपी गेला, आणि शेवटची पाळी न लागणाऱ्या वाफ्यासही मिळाली, असा कांदा त्या वर्षी चाळीत भाद्रपद पाहत नाही.