शेजारच्या गावांनी जगाला दिलेला पुरावा

१/ मित्रहो, कर्जतचा इतिहास सांगताना आपण सिद्धटेक, राशीन आणि शेजारच्या जामखेड तालुक्यातील १७९५ची खर्ड्याची लढाई यांच्यापुढे सहसा जात नाही. आज आपल्या परिसराच्या अगदी अलीकडच्या इतिहासातील एक प्रकरण मांडतो. त्याच्या मध्यभागी खेड्यांतील सामान्य स्त्रिया आहेत आणि एक प्रश्न आहे: कर्करोग संसर्गातून होऊ शकतो का? आणि होत असेल, तर तो वेळीच अडवता येईल का?

२/ आधी भूगोल पाहू. कर्जत तालुक्याच्या कडेने वाहणारी सीना पुढे करमाळा आणि परांडा या तालुक्यांना स्पर्श करत भीमेला मिळते. परांडा धाराशिव जिल्ह्यात येतो, आणि त्याला लागून सोलापूर जिल्ह्यातील बार्शी आहे. आपली कथा याच पट्ट्यात घडते. तिचा आरंभ मात्र मुंबईतील परळला झाला.

३/ १९४१ साली परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. तेथील प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत खानोलकर यांच्याकडे होती. त्यांच्या हाताखाली पुण्याच्या कमल रणदिवे काम करू लागल्या. त्यांचा विषय होता उंदरांतील स्तनांचा कर्करोग. काही वंशांच्या उंदरांना तो सहज होतो आणि काहींना क्वचित, हे कशामुळे?

४/ या प्रश्नामागे मोठे कोडे होते. १९३६ साली अमेरिकेतील जॉन बिटनर यांनी दाखवले होते, की उंदरांमध्ये हा रोग आईच्या दुधातून पिलांकडे जाऊ शकतो. दुधातील तो ‘घटक’ पुढे विषाणू ठरला. मग माणसांतही असे काही असेल का? १९७१ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात मुंबईच्या पारशी स्त्रियांच्या दुधात विषाणूसदृश कण दिसल्याचे म्हटले होते. त्यात परळचे शास्त्रज्ञही सहभागी होते. मात्र असा विषाणू माणसांत स्तनांचा कर्करोग घडवतो, हे पुढे सिद्ध झाले नाही.

५/ तो अंदाज फळाला आला नाही. पण प्रश्न अचूक होता, केवळ अवयव दुसरा निघाला. रणदिवे यांनी बाल्टिमोर येथे जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत ऊतीसंवर्धनाचे, म्हणजे शरीराबाहेर पेशी वाढवण्याचे, तंत्र आत्मसात केले होते. १९५१ साली त्याच प्रयोगशाळेत हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगातील पेशी वाढवल्या गेल्या. त्या पेशी ‘हेला’ या नावाने आजही जगभर वापरात आहेत. संशोधनासाठी त्या घेताना तिची संमती घेतलेली नव्हती. ही बाब ध्यानात ठेवा. पुढे तिच्याकडे परतायचे आहे.

६/ उत्तर जर्मनीतून आले. हॅराल्ड त्सूर हाउझेन यांच्या गटाने १९८३-८४ मध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगात एचपीव्ही या विषाणूचे १६ आणि १८ क्रमांकाचे प्रकार शोधले. १८ क्रमांकाचा प्रकार हेला पेशींतही सापडला. हा संसर्ग असंख्य स्त्रियांना होतो आणि बहुतेकींचे शरीर तो आपोआप घालवते. ज्यांच्यात तो वर्षानुवर्षे टिकून राहतो, त्यांच्यापैकी काहींमध्ये पेशी बिघडत जातात. संसर्ग आणि कर्करोग यांच्यात अनेक वर्षांचे अंतर असते. रोखण्याची संधी त्याच अंतरात आहे. या शोधासाठी त्सूर हाउझेन यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

७/ आता सीनाकाठी येऊ. १९८७ साली बार्शी येथे ग्रामीण भागातील कर्करोगाची नोंदणी सुरू झाली. तिच्या कक्षेत बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतील गावे होती. खेड्यात रुग्ण रुग्णालयापर्यंत पोहोचतच नसे. त्यामुळे केवळ रुग्णालयांच्या दप्तरावर विसंबणे शक्य नव्हते. कार्यकर्ते गावोगाव फिरले, लोकांशी बोलले, लक्षणे समजावून सांगत राहिले. स्त्रियांमध्ये सर्वाधिक आढळला तो गर्भाशयमुखाचा कर्करोग.

८/ या फिरण्याचा एक परिणाम नोंदणीतच दिसू लागला. लोकांना लक्षणांची ओळख झाल्यावर पूर्वीपेक्षा अधिक स्त्रिया रोगाच्या आरंभीच्या अवस्थेत उपचाराला येऊ लागल्या. डॉ. कस्तुरी जयंत, डॉ. भगवान नेने आणि सहकाऱ्यांनी हे निरीक्षण १९९५ साली प्रसिद्ध केले. गावाशी जोडलेल्या या नात्यावरच पुढचे मोठे काम उभे राहिले.

९/ १९९९ साली तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यात एक चाचणी सुरू झाली. बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय, टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी ती हाती घेतली. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया तीत होत्या. गावांचे ५२ समूह करून ते चार गटांत वाटले गेले. तीन गटांत प्रत्येकी एका पद्धतीने एकदाच तपासणी व्हायची: एचपीव्ही चाचणी, पेशींची सूक्ष्मदर्शकाखाली पाहणी, किंवा सौम्य ॲसेटिक आम्ल लावून डोळ्यांनी पाहणी. दोष आढळल्यास उपचारांची सोय होती.

१०/ निष्कर्ष एप्रिल २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. एचपीव्ही चाचणीच्या गटात ३४,१२६ स्त्रिया होत्या. त्यांपैकी ३४ जणी या कर्करोगाने दगावल्या. तपासणी न झालेल्या गटात ३१,४८८ स्त्रिया होत्या. तेथे हा आकडा ६४ होता. आयुष्यात एकदा केलेल्या चाचणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले होते. उरलेल्या दोन पद्धतींनी मृत्यूंत लक्षणीय घट झाली नाही. पुढे २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेने प्राथमिक तपासणीसाठी एचपीव्ही चाचणीची शिफारस केली. त्यामागील पुराव्यांत आपल्या शेजारच्या गावांचा वाटा आहे.

११/ आता तो अवघड भाग. चौथ्या गटातील स्त्रियांना रोगाची माहिती दिली गेली, तपासणी कोठे होते हेही सांगितले गेले. पण चाचणीच्या वतीने त्यांची तपासणी झाली नाही. संशोधकांचे म्हणणे असे, की भारतात तेव्हा अशी तपासणी सरसकट उपलब्धच नव्हती. तुलनेचा गट नसता तर कोणती पद्धत खरोखर जीव वाचवते हे कळले नसते. टीकाकारांचा प्रश्न असा, की पेशींची तपासणी उपयुक्त असल्याचे अन्यत्र दशकानुदशके ठाऊक होते. मग हजारो स्त्रियांना तिच्यावाचून ठेवणे न्याय्य कसे?

१२/ दोन्ही बाजू वाचाव्यात. माझे मत असे: पुरावा खरा आहे आणि ऋणही खरे आहे. हेन्रिएटा लॅक्सचे नाव जगाला कळायला अनेक वर्षे लागली. त्या ६४ स्त्रियांची नावे आपल्याला कधीच कळणार नाहीत, आणि रुग्णांची गोपनीयता पाहता ती कळूही नयेत. पण पुस्तकात ‘तुलना गट’ असे दोन शब्द दिसले, की त्यामागे घरे होती, लेकरे होती, पेरणी-काढणीचे दिवस होते, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याने विसरू नये.

१३/ कमल रणदिवे यांनी आयुष्याच्या उत्तरार्धात आपल्याच जिल्ह्यातील अकोले तालुक्यात आदिवासी बालकांच्या पोषणावर काम केले. उंदरांच्या दुधातील कोड्यापासून निघालेली ही संशोधक शेवटी खेड्यातील माय-लेकरांपाशी पोहोचली.

१४/ आज पुण्यात तयार झालेली एचपीव्ही लसही उपलब्ध आहे आणि चाचणीही. तरीही अनेक घरांत या आजाराविषयी बोलणे टाळले जाते. शेजारच्या गावांनी एवढी किंमत मोजून मिळवलेले उत्तर संकोचापायी वाया जाऊ नये. हा धागा आपल्या आई, मावशी, बहीण यांना जरूर वाचून दाखवा. येथेच थांबतो.