आरसा का आला, आरसा का गेला

लग्नाचे फोटो काढून घर चालवणाऱ्या एका तरुणानं मला एक प्रश्न विचारला. त्याच्याकडे फुल-फ्रेम एसएलआर कॅमेरा आहे, तीन लेन्स आहेत आणि सगळं नीट चालतंय. पण जो भेटतो तो म्हणतो, ‘आता जमाना मिररलेसचा.’ मग हे सगळं विकून, वर कर्ज काढून मिररलेस घ्यावा का? हप्ता दर महिन्याला भरायचा असतो आणि लग्नं मात्र मुहूर्तांवरच होतात. म्हणून प्रश्न साधा नाही. त्याचं उत्तर शोधायला आपण शंभर वर्षं मागे जाऊ.

एक गंमत आधीच सांगतो. पहिला गाजलेला फुल-फ्रेम कॅमेरा मिररलेसच होता! जर्मनीत लाइट्झ कंपनीत ऑस्कर बार्नाक नावाचा कारागीर होता. सिनेमाच्या फिल्मवरची चौकट त्यानं दुप्पट केली, 36 बाय 24 मिलिमीटर. आज आपण ‘फुल-फ्रेम’ म्हणतो ते हेच माप. त्याचा लायका 1925 मध्ये लाइपझिगच्या जत्रेत लोकांसमोर आला. त्यात आरसा नव्हता. पाहायची खिडकी वेगळी आणि फोटो काढणारी लेन्स वेगळी.

फौजेत रायफल चालवलेल्यांना यातली अडचण लगेच कळेल. नळी एका रेषेत, साइट तिच्या वर. लांबच्या निशाण्यावर झीरो केलेली रायफल अगदी जवळ नेम चुकवते. या कॅमेऱ्यांचंही तसंच होतं. दूरचं दृश्य ठीक, पण फुलाजवळ गेलात की दिसायचं एक आणि फिल्मवर उमटायचं दुसरं. लांब पल्ल्याची लेन्स लावली तर खिडकीत तेवढं मोठं दिसायचंच नाही. तरी हे कॅमेरे कच्चे नव्हते. 6 जून 1944 ला रॉबर्ट कापा नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सैनिकांबरोबर उतरला, तेव्हा त्याच्या हातात असाच बिनआरशाचा काँटॅक्स होता.

लेन्स जे पाहते तेच डोळ्याला दाखवायचं, तर प्रकाश मधेच वळवायला हवा. म्हणून आरसा आला. लेन्सच्या मागे 45 अंशांत बसवायचा, बटण दाबलं की तो वर उचलायचा. ड्रेस्डेनच्या ईहागे कंपनीनं 1936 मध्ये कीने एक्झाक्टा काढला, तो 35 मिलिमीटर फिल्मवरच्या सुरुवातीच्या एसएलआरपैकी एक. त्यात वरून खाली डोकावायचं आणि डावं-उजवं उलटं दिसायचं. फेब्रुवारी 1945 च्या बॉम्बवर्षावात ड्रेस्डेन जळालं. त्याच शहरातून 1949 मध्ये काँटॅक्स एस आला. पेंटाप्रिझममुळे चित्र सुलटं झालं आणि कॅमेरा डोळ्याला लावून पाहता येऊ लागलं. मग 1954 मध्ये जपानच्या असाही कंपनीनं फोटो निघताच आपोआप खाली येणारा आरसा बसवला. त्याआधी फोटो काढला की खिडकीत अंधार व्हायचा आणि शटर पुन्हा भरेपर्यंत तसाच राहायचा.

याच सुमारास निप्पोन कोगाकू ही दुसरी जपानी कंपनी पुढे आली. युद्धात तिनं लष्करासाठी दुर्बिणी आणि अंतरमापक बनवले होते. युद्ध संपलं आणि ते गिऱ्हाईक गेलं. मग कंपनी कॅमेऱ्यांकडे वळली आणि 1959 मध्ये तिनं निकॉन एफ आणला. व्हिएतनामच्या युद्धात हा कॅमेरा वार्ताहरांच्या गळ्यात सर्रास दिसू लागला. हळूहळू बिनआरशाचे कॅमेरे थोड्या शौकिनांपुरते उरले.

डिजिटल आलं तरी आरसा टिकला. पण किंमत पाहा. कॅननचा पहिला फुल-फ्रेम डिजिटल, 1डीएस, 2002 मध्ये जवळपास 8,000 डॉलरला आला. पुढं 2005 मध्ये 5डी आला 3,300 डॉलरला. 2012 मध्ये निकॉन डी600 आणि कॅनन 6डी आले ते साधारण 2,100 डॉलरला. या लेखातल्या सगळ्या किमती अमेरिकेत कॅमेरा किंवा लेन्स पहिल्यांदा विकायला आली तेव्हाच्या आहेत. आपल्याकडे वर कर येतो. जीएसटी आला तेव्हा डिजिटल कॅमेऱ्यावर 28 टक्के होता, 1 जानेवारी 2019 पासून 18 टक्के झाला. सांगायचा मुद्दा हा, की फुल-फ्रेम स्वस्त झाला तो आरसा असतानाच. खर्चाची मोठी बाब सेन्सरची होती.

मग आरसा का गेला? कारण तो ज्या कामासाठी आला होता ते काम सेन्सर करू लागला. सेन्सर सतत चालू ठेवायचा आणि त्याचं चित्र डोळ्यासमोरच्या छोट्या पडद्यावर दाखवायचं. आता लेन्स पाहते तेच डोळा पाहतो आणि मधे हलणारं काही नाही. सोनीनं 2013 मध्ये ए7 आणला, 1,700 डॉलरला. सोनीकडे एसएलआरचं मोठं राज्य नव्हतं, गमावण्यासारखं फारसं नव्हतं. निकॉन आणि कॅनन यांचं राज्यच आरशावर उभं होतं. त्यांचे फुल-फ्रेम मिररलेस आले 2018 मध्ये, पाच वर्षांनी. गडावर बसलेल्याला खाली उतरायला वेळ लागतोच.

त्यानंतर मात्र पारडं लवकर फिरलं. 2020 मध्ये जपानी कंपन्यांनी एसएलआरपेक्षा जास्त मिररलेस बाजारात पाठवले. त्याच वर्षी निकॉन डी6 आणि कॅननचा 1डीएक्स मार्क 3 आले. त्यानंतर या दोन्ही कंपन्यांनी त्या तोडीचा नवा एसएलआर काढलेला नाही.

आता त्या तरुणाचा हिशेब करू. एकाच कंपनीचे, 24 मेगापिक्सेलचे दोन कॅमेरे घेऊ. निकॉन डी750 हा 2014 चा एसएलआर, 2,300 डॉलर. निकॉन झेड6 हा 2018 चा मिररलेस, 2,000 डॉलर. वजन 840 ग्रॅमवरून 675 ग्रॅमवर आलं. जुन्याचे 51 फोकस बिंदू मधोमध गोळा झालेले, नव्याचे 273 बिंदू चौकटीच्या रुंदीच्या आणि उंचीच्या साधारण 90 टक्क्यांवर पसरलेले. नव्याचा सेन्सर हाताची थरथर सावरतो. फोटो उजळ येणार की काळा, हे बटण दाबायच्या आधी दिसतं. आणि शटर मुकं करता येतं, फेऱ्यांच्या वेळी खटखट होत नाही. हे फायदे खरे आहेत, नाकारण्यात अर्थ नाही.

आता दुसरी बाजू. एका चार्जवर डी750 ची मान्य मोजणी 1,230 फोटोंची, झेड6 ची 310. प्रत्यक्षात दोन्ही जास्त काढतात, पण फरक राहतोच, कारण सेन्सर आणि पडदा सतत वीज पितात. डी750 मध्ये दोन कार्डं बसतात, झेड6 मध्ये एक. मुलीच्या पाठवणीचे फोटो असलेलं एकुलतं एक कार्ड बिघडलं, तर ती पाठवणी परत होत नाही. मुक्या शटरचीही एक खोड आहे. काही एलईडी दिव्यांखाली फोटोत पट्टे उमटतात.

आणि लेन्स! जुन्या माउंटची 50 मिलिमीटर एफ 1.8 लेन्स 220 डॉलरला आली होती, नव्या माउंटची 600 ला. नवी लेन्स सरस आहे. आरशाची जागा वाचल्यामुळे माउंट ते सेन्सर हे अंतर 46.5 मिलिमीटरवरून 16 वर आलं आणि लेन्स रचणाऱ्याला मोकळीक मिळाली. पण बॉडीवर वाचलेले 300 डॉलर एका लेन्समध्ये गेले, वर 80 खिशातून. अडॅप्टर लावून जुन्या लेन्स वापरता येतात, पण निकॉनच्या ज्या जुन्या लेन्स बॉडीतल्या मोटरवर फोकस होतात, त्या कंपनीच्या या अडॅप्टरवर हातानंच फिरवाव्या लागतात. कॅननच्या ईएफ लेन्सना ही अडचण नाही. 1987 पासून त्यांची मोटर लेन्समध्येच आहे.

तेव्हा माझं उत्तर असं. नवा माणूस, हातात काहीच नाही आणि पैसे जवळ आहेत, तर मिररलेसच घ्या. पुढच्या लेन्स त्याच माउंटला येणार आहेत. पैसे कमी असतील तर वापरलेला फुल-फ्रेम एसएलआर पाहा. लोक घाईनं विकतायत, भाव पडलेत. मात्र शटर किती वेळा पडलंय ते विचारून घ्या. आणि ज्याच्याकडे चालता एसएलआर आहे आणि पुढे कर्जाचा कागद आहे, त्यानं थांबावं. बॉडी, लेन्स, अडॅप्टर, जादा बॅटऱ्या, कार्डं अशी पूर्ण बेरीज कागदावर मांडावी. मग स्वतःला विचारावं, हातातल्या कॅमेऱ्यामुळे गेल्या वर्षी किती कामं हुकली? उत्तर शून्य असेल तर हप्ता कशासाठी?

आरसा एका अडचणीचं उत्तर म्हणून आला आणि चांगलं उत्तर मिळाल्यावर गेला. कंपन्यांनी आपली गरज पाहून तो बसवला आणि आपली गरज पाहून काढला. बदलायची वेळ कोणती, हे तुम्हीही तुमची गरज पाहूनच ठरवा. शेजाऱ्याच्या गळ्यातला कॅमेरा पाहून नव्हे.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.