भविष्यकथनाची कसोटी: फलज्योतिषाच्या इतिहासातून काही धडे

ज्योतिषी खरोखर भविष्य सांगू शकतो का, हा प्रश्न इतिहासाच्या तासाला कशासाठी, असे तुम्हाला वाटेल. कारण साधे आहे. भाकितात सांगितलेली तारीख उलटून गेली की ते भाकीत इतिहासाचे साधन बनते. ते कोणी केले, केव्हा केले, कोणत्या शब्दांत केले आणि पुढे प्रत्यक्षात काय घडले, हे आपण इतर कोणत्याही साधनासारखे तपासू शकतो.

या पाठाचा मुख्य मुद्दा आधीच सांगून ठेवतो. एखादे भाकीत खरे ठरले एवढ्यावरून भविष्यकथन सिद्ध होत नाही. भाकीत घटनेच्या आधी स्पष्ट शब्दांत नोंदवलेले असावे लागते, आणि बरोबर आलेल्या भाकितांबरोबर चुकलेलीही मोजावी लागतात. भारतात फलज्योतिषाची परंपरा फार जुनी आहे. असा मोजणीचा हिशेब मात्र अगदी अलीकडचा आहे.

१. एका नावाखाली दोन विद्या

आपल्याकडे ‘ज्योतिष’ या एकाच शब्दात दोन वेगळ्या गोष्टी येतात. ग्रह-ताऱ्यांच्या गतीचे गणित ही पहिली आणि त्या गतीवरून माणसाचे किंवा राज्याचे शुभाशुभ सांगणे ही दुसरी. वेदांग ज्योतिष या प्राचीन ग्रंथाचा विषय कालगणना हा आहे. यज्ञकर्मासाठी तिथी, नक्षत्र आणि अयन कसे काढावे हे त्यात सांगितले आहे. बारा राशी आणि जन्मकुंडली त्यात नाहीत.

राशी आणि जन्मकुंडलीवर आधारलेले जातकशास्त्र भारतात ग्रीकांशी आलेल्या संपर्कानंतर रुजले. त्याच्या खुणा परिभाषेत आजही दिसतात. ‘होरा’, ‘केंद्र’ आणि ‘जामित्र’ हे शब्द मूळ ग्रीक आहेत, आणि या विषयावरील एका जुन्या संस्कृत ग्रंथाचे नावच ‘यवनजातक’ आहे. पुढे शास्त्राचे गणित, होरा आणि संहिता असे तीन स्कंध मानले गेले. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी १८९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय ज्योतिःशास्त्राच्या मराठी इतिहासात या परंपरेची सविस्तर मांडणी केली आहे. या विषयाचा अभ्यास करणाऱ्याला तो ग्रंथ आजही टाळता येत नाही.

सहाव्या शतकातील वराहमिहिराकडे पाहा. ‘बृहत्संहिते’त तो स्पष्ट सांगतो की चंद्रग्रहणात चंद्र पृथ्वीच्या छायेत शिरतो आणि सूर्यग्रहणात चंद्र सूर्याला झाकतो; राहूने गिळण्याची कथा हे ग्रहणाचे कारण नाही. त्याच ग्रंथात तो कोणत्या ग्रहणाचे कोणत्या प्रदेशावर काय अनिष्ट फळ होईल, हेही विस्ताराने लिहितो. एकाच विद्वानाच्या एकाच ग्रंथात या दोन्ही विद्या शेजारी-शेजारी नांदत होत्या.

फरक कसोटीचा आहे. २२ जुलै २००९ रोजी सुरत, भोपाळ, वाराणसी, पाटणा या पट्ट्यात खग्रास सूर्यग्रहण होणार, हे गणिताने कितीतरी वर्षे आधी सांगितले होते, तेही मिनिटांच्या हिशेबात. ते चुकले असते तर सगळ्यांना दिसले असते. ग्रहणाच्या फळांबद्दल मात्र असा आधी ठरलेला आणि सगळ्यांना तपासता येणारा हिशेब मांडला जात नाही. तरीही पंचांगाचे गणित बरोबर येते म्हणून त्याच पंचांगातील भविष्यही बरोबर असणार, अशी समजूत होते. गणिताची पत अशा रीतीने फलाला उसनी मिळते.

२. राजा आणि ज्योतिषी

‘अर्थशास्त्रा’त ज्योतिष्याची तीन रूपे दिसतात. वेतनांच्या यादीत भविष्य सांगणारा, शकुन पाहणारा आणि मुहूर्त काढणारा यांना प्रत्येकी १००० पण दिलेले आहेत, म्हणजे ते पगारी राजसेवक आहेत. दुसरीकडे, शत्रूच्या प्रजेचे मनोधैर्य खचवण्यासाठी आपल्या राजाला दैवी सामर्थ्य आहे अशी आवई ज्योतिष्यांकरवी उठवावी, असा सल्ला आहे. तिसरीकडे, सतत नक्षत्रे विचारत बसणाऱ्या माणसाच्या हातून अर्थ निसटतो, असा इशाराही आहे.

इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे थांबून विचार करावा. राज्यकर्त्याला ज्योतिषी उपयोगी होता, यात शंका नाही. लोकांचा विश्वास ही एक राजकीय शक्ती होती आणि ती वापरण्याचे तंत्र ग्रंथात नोंदवले गेले. पण उपयोगी असणे आणि भाकीत खरे ठरणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. दरबारात ज्योतिष्याला मान होता, या पुराव्यावरून त्याला भविष्य कळत होते असा निष्कर्ष निघत नाही.

३. अष्टग्रही, फेब्रुवारी १९६२

आता आधुनिक काळातील एक भाकीत पाहू. ३ ते ५ फेब्रुवारी १९६२ या दिवसांत सूर्य, चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र आणि शनी हे सात ग्रह आणि आठवा केतू मकर राशीत एकत्र येणार होते. चंद्र एका राशीत सुमारे सव्वादोन दिवसच राहतो, म्हणून हा योग इतका थोडा काळ होता. देशभर अनेक ज्योतिष्यांनी या योगावर महासंकट येणार असे भाकीत केले; काहींनी तर जगबुडीच सांगितली. गावोगावी यज्ञ, जपजाप्य आणि अखंड पाठ झाले.

ग्रह ठरल्या वेळी मकर राशीत आले. जगबुडी झाली नाही. म्हणजे गणित बरोबर निघाले आणि फल चुकले. इतके स्पष्ट, तारखेसह केलेले आणि देशभर माहीत झालेले भाकीत क्वचितच सापडते, म्हणून इतिहासात या प्रसंगाला महत्त्व आहे.

पण या अपयशाने विश्वासाला मोठा तडा गेला नाही. ‘यज्ञ केले म्हणून संकट टळले’ असे म्हटले की भाकीत चुकले असे मानण्याची गरजच उरत नाही. या युक्तिवादाची रचना नीट पाहा. संकट आले तर भाकीत खरे, आणि आले नाही तर उपाय खरा. घडणारी कोणतीही गोष्ट ज्याला खोटे ठरवू शकत नाही, असा दावा आपल्याला पुढे काय घडणार याबद्दल काहीच सांगत नसतो.

४. विद्यापीठ आणि न्यायालय

२००१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यापीठांत ‘ज्योतिर्विज्ञान’ या विषयाचे अभ्यासक्रम सुरू करण्याचा निर्णय घेतला. अनेक वैज्ञानिकांनी त्याला विरोध केला. जीवशास्त्रज्ञ पुष्पमित्र भार्गव आणि इतरांनी न्यायालयात दाद मागितली, आणि ५ मे २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती याचिका फेटाळली.

‘ज्योतिष खरे आहे असे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले’, असे पुष्कळदा ऐकू येते. निकालाचा अर्थ तसा नाही. अभ्यासक्रम कोणते असावेत हा शैक्षणिक तज्ज्ञ संस्थेच्या अधिकारातील विषय असून त्यात न्यायालयाने हस्तक्षेप करू नये, अशी न्यायालयाची भूमिका होती. कुंडलीवरून भविष्य कळते की नाही, याची प्रायोगिक तपासणी न्यायालयाने केली नव्हती. ती चार वर्षांनी पुण्यात झाली.

५. पुण्यातील चाचणी, २००८

खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीतील नरेंद्र दाभोलकर आणि फलज्योतिषाचे चिकित्सक अभ्यासक प्रकाश घाटपांडे यांनी मे २००८ मध्ये ज्योतिष्यांना जाहीर आवाहन केले. जन्मकुंडलीवरून माणसाची बुद्धिमत्ता कळते, या दाव्याची ही चाचणी होती.

त्यासाठी २०० मुलांचे जन्मतपशील जमवून कुंडल्या तयार केल्या गेल्या. त्यांतील १०० मुले शाळेत हुशार म्हणून नावाजलेली होती, आणि १०० मुले त्या काळी ज्यांना ‘मतिमंद’ म्हटले जाई, म्हणजे बौद्धिक अक्षमता असलेली होती. कुंडल्यांना सांकेतिक क्रमांक दिले होते आणि कोणती कुंडली कोणाची, ही नोंद पुणे विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागाकडे सुरक्षित होती. त्यामुळे नकळतही कोणाकडून सूचना मिळण्याची शक्यता नव्हती. प्रत्येक ज्योतिष्याला ४० कुंडल्या पाठवल्या आणि प्रत्येक कुंडली हुशार मुलाची की मतिमंद मुलाची, एवढेच विचारले.

५१ ज्योतिष्यांनी कुंडल्या मागवल्या आणि २७ जणांनी उत्तरे पाठवली. बरोबर उत्तरांची सरासरी सुमारे ४६ टक्के आली. सर्वांत चांगली कामगिरी ४० पैकी २४ ही होती. एका ज्योतिष संस्थेने सर्व २०० कुंडल्या तपासल्या. तिची १०२ उत्तरे बरोबर आली. हे निष्कर्ष २००९ मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

या आकड्यांचा अर्थ लावण्यासाठी नाणेफेकीशी तुलना करा. नाणे उडवून उत्तर दिले तर ४० पैकी सरासरी २० उत्तरे बरोबर येतील. मग २४ उत्तरे बरोबर देणारा ज्योतिषी विशेष म्हणायचा का? संभाव्यतेचा हिशेब असा आहे: केवळ नाणेफेक करणाऱ्याला २४ किंवा जास्त उत्तरे बरोबर येण्याची शक्यता सुमारे १३ टक्के असते. म्हणजे २७ जणांनी नुसते नाणे उडवले असते, तरी त्यांतील तीन-चार जण २४ पर्यंत किंवा त्यापुढे गेले असते. २८ किंवा जास्त उत्तरे नाणेफेकीने येण्याची शक्यता मात्र एक टक्क्याहून कमी आहे, आणि तेथे एकही ज्योतिषी पोचला नाही. २०० पैकी १०२ ही तर सरळ नाणेफेकच आहे.

या चाचणीच्या मर्यादाही लक्षात घ्या. तिने एकाच दाव्याची परीक्षा घेतली. फलज्योतिषातील प्रत्येक विधानाची नाही. पालकांनी सांगितलेली जन्मवेळ काटेकोर नसेल, असा आक्षेपही घेता येतो. पण रोजच्या व्यवहारात ज्योतिषी अशाच, घरच्यांनी सांगितलेल्या वेळेवरून कुंडली मांडतात आणि सल्ला देतात. जी माहिती सल्ला देताना पुरेशी मानली जाते, ती चाचणीच्या वेळी अपुरी कशी, याचे उत्तर आक्षेप घेणाऱ्यांनी द्यायला हवे.

६. मग अनुभव का येतो?

‘मला सांगितले ते तंतोतंत जुळले’ असे म्हणणारा माणूस बहुधा खोटे बोलत नसतो. १९४८ मध्ये अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी ३९ विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि प्रत्येकाला ‘तुझे वर्णन’ म्हणून एक कागद दिला. वर्णन किती जुळते याला विद्यार्थ्यांनी ५ पैकी सरासरी ४.२६ गुण दिले. प्रत्यक्षात सर्वांना एकच मजकूर दिला होता, आणि त्यातील वाक्ये बाजारातील भविष्याच्या पुस्तकातून घेतली होती.

आणखी एक उदाहरण राशींचे घ्या. भारतीय निरयन पद्धती आणि पाश्चात्त्य सायन पद्धती यांच्यात आज सुमारे २४ अंशांचा फरक आहे. म्हणून मकर राशीत सूर्याचा प्रवेश पाश्चात्त्य गणनेत २१-२२ डिसेंबरला आणि आपल्या पंचांगात १४-१५ जानेवारीला होतो. परिणामी बहुतेक माणसांची सूर्यरास दोन पद्धतींत वेगळी येते. तरीही दोन्हीकडच्या वाचकांना आपापल्या राशीचे वर्णन जुळल्यासारखे वाटते.

७. याची किंमत कोण मोजतो?

हा वाद केवळ करमणुकीचा असता तर तो येथेच सोडता आला असता. पण पत्रिकेवरून स्थळे नाकारली जातात. मंगळाचेच पाहा. लग्नापासून पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या स्थानी मंगळ असेल तर मंगळदोष, असा प्रचलित नियम आहे. पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्याने मंगळ दर दिवशी बाराही स्थानांतून जातो. बारांपैकी पाच स्थाने दोषाची, म्हणजे जन्मलेल्या मुलामुलींपैकी सुमारे ४२ टक्के मंगळाची ठरतात. दक्षिणेत अनेक ठिकाणी दुसरे स्थानही धरतात. मग हे प्रमाण जवळजवळ निम्मे होते. पुढे अपवादांचे नियम लावून दोष कमी केला जातो, पण ते लावायचे की नाही हे सांगणाऱ्यावर अवलंबून राहते. निम्म्या समाजाला लागू होणारा दोष एखाद्या मुलीच्या लग्नाच्या आड येतो, आणि लग्न झाल्यावर नवऱ्याचे काही बरेवाईट झाले तर बोल तिलाच लागतो.

म्हणून कोणतेही भाकीत समोर आले की तीन प्रश्न विचारा. ते घटनेच्या आधी लिहून ठेवले होते का? काय घडले असते तर ते चुकले असे मानले गेले असते? आणि त्याच माणसाची चुकलेली भाकिते कोणी मोजली आहेत का? आजवर जेथे हे तीन प्रश्न नीट विचारले गेले, अशी जी उदाहरणे आपण पाहिली, त्यांत भविष्यकथनाला नाणेफेकीच्या पुढे जाता आलेले नाही.

वर्गात करण्याचा स्वाध्याय

एखाद्या वृत्तपत्रातील गेल्या आठवड्याचे बाराही राशींचे भविष्य घ्या. राशींची नावे काढून टाका, परिच्छेदांचा क्रम बदला आणि त्यांना क्रमांक द्या. गेल्या आठवड्यात आपल्याला आलेल्या अनुभवाशी सर्वांत जास्त जुळणारा परिच्छेद प्रत्येक विद्यार्थ्याने निवडावा. ज्यांनी त्या आठवड्याचे आपले भविष्य आधीच वाचले असेल त्यांनी भाग घेऊ नये. केवळ योगायोगाने ६० जणांच्या वर्गात सुमारे पाच जण आपल्याच राशीचा परिच्छेद निवडतील. तुमच्या वर्गात किती जणांनी निवडला, ते मोजा, आणि न जुळलेल्यांची संख्याही फळ्यावर लिहा.